सरांच्या हातातलं पॅड

माझी किक भरवशाची आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सरांना. आमच्या वजनगटातून एकच मुलगी विभागीय तायक्वांदो स्पर्धेला जाणार होती आणि सरांचं ठरलेलं म्हणणं होतं, "तुही एक किक जोरात अन् दुसरी ढिली. तुले पाठवू कसं?" मला राग यायचा, पण नालवाडीच्या त्या हॉलमध्ये त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

त्याच सुमारास फिजिओथेरपी शिकणारी एक ताई तिच्या प्रबंधासाठी आली. किक मारताना मांडीचे स्नायू दर वेळी सारखंच काम करतात का, हे तिला मोजायचं होतं. मांडीवर बटणासारखे सेन्सर चिकटवायचे, समोर कुणी धरलेल्या पॅडवर दहा किक मारायच्या, लॅपटॉपवर स्नायूंच्या जोराच्या रेघा उमटायच्या. आठवड्यानं पुन्हा तेच. पहिल्या दिवशी पॅड नेहमीप्रमाणे सरांनीच धरलं आणि माझ्या रेघा वेड्यावाकड्या आल्या. दुसऱ्या खेपेला ते हिंगणीला लग्नाला गेले होते, म्हणून पॅड मैत्रिणीनं धरलं. दहाही रेघा एकसारख्या. ताईला वाटलं, पहिल्या वेळी सेन्सर हलला असेल. माझी नोंदच ती गाळायला निघाली.

मी तिला ती गाळू दिली नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मोठ्या माणसाला पाय लागला की लगेच नमस्कार करायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की सरांच्या पॅडवर किक बसली तरी माझा हात हळूच छातीशी जायचा. पाय आखडायचा तो तिथेच.

सर परतल्यावर मी ताईला पुन्हा मोजायला लावलं. पाच किक मैत्रिणीच्या पॅडवर, पाच सरांच्या. मैत्रिणीपुढच्या रेघा उंच आणि सारख्या निघाल्या, सरांपुढच्या बुटक्या आणि वेड्यावाकड्या. सर स्क्रीनजवळ वाकले.

"माह्यासमोरच काऊन असं होते?"

"तुमच्यावर पाय उचलाले मन धजत नाई, सर," मी सांगून टाकलं.

त्यांनी पॅड पोटाशी घट्ट धरलं आणि मानेनं खूण केली. मी सगळा जीव ओतून किक मारली. सर दोन पावलं मागं जाऊन मॅटवर आपटले. मला रडूच फुटलं. धावत जाऊन पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"आता नाई," ते म्हणाले, "स्पर्धेहून आल्यावर पडजो."