मेंदूच्या दारातली साखर

आमच्या पांढरकवड्याच्या दवाखान्यात साखरेचे इतके किस्से साठलेत की एक सांगायला बसलं की दुसरा मधेच घुसतो. मी इथली सिस्टर. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. आणि साखरेचा काही भरवसा नाही, त्यामुळे आम्हाला बूड टेकणं माहीत नाही!

*

हायवेवरून एक ट्रक ड्रायव्हर आला. इन्सुलिनवाला. साखर पंचेचाळीस! गडी मात्र उभा, वर हसतोय. "मले तं काईच होऊन नाई राह्यलं!"

मॅडमनी आधी ग्लुकोज पाजलं, मग ट्रकची चावीच मागून घेतली. "तुमची साखर रोज पडते. मेंदूनं साखर ओढायची दारं वाढवून घेतलीत, म्हणून साखर पडल्याची घंटा, थरथर-घाम, वाजतच नाही. एक दिवस घंटेच्या आधी गाडी वाजेल!"

*

एका काकूंचं उलटं. कित्येक महिने साखर चारशे. औषधानं एकशेदहावर आली, तर थरथर, घाम. "माही साखर संपली वो!"

मॅडम म्हणाल्या, "काकू, साखर नॉर्मल आहे. जास्तीची सवय झाली म्हणून मेंदूनं दारं कमी केलीत. उघडतील हळूहळू."

"मंग त्याले सांगा ना, लवकर उघड म्हणून!"

*

एक रिटायर्ड गुरुजी, देवमाणूस. एका सकाळी त्यांनी मला अशा शिव्या घातल्या की अख्खा वॉर्ड उठून बसला! साखर अडतीस. शिरेतून ग्लुकोज गेलं, गुरुजी भानावर आले. "सिस्टर, कोण ओरडत होतं हो? अशांना दवाखान्यात घेऊ नये!"

*

मोनी, बंजारा तांड्यावरची सहा वर्षांची पोर. रोज सकाळी उपाशीपोटी झटके. रक्तातली साखर दर वेळी नॉर्मल! औषधं बदलली, झटके तसेच. मॅडमनी पाठीच्या कण्यातलं, म्हणजे मेंदूभोवतीचंच, पाणी तपासलं. त्यात साखर अगदी कमी.

रिपोर्ट हातात घेऊन त्या येरझारा घालत होत्या. "रक्तात आहे, पण आत जात नाही. दारंच जन्मापासून कमी." नागपूरच्या तपासणीतही तेच निघालं. उपाय? भात-भाकर जवळजवळ बंद, गूळ बंद. तूप, लोणी, अंडी मोजून. तुपाचं इंधन मेंदूत दुसऱ्या दारानं शिरतं.

आई भडकली. "डोक्यात साखर कमी हाय म्हंता, अन् गूळच बंद करता?" रडली. पण केलं तिनं सगळं.

काही आठवड्यांनी ओपीडी उघडताच ती मोनीला कडेवर घेऊन धावत आली. वाटलं, झटकाच! मी ऑक्सिजनकडे पळाले.

"बाई, थांबा! झटका नाई आला. आज सकाळी उपाशीपोटी उठली अन् मले म्हणे..."

तिनं मोनीला खाली उतरवलं. मोनीच आईचा पदर ओढत म्हणाली, "याडी, भूक लागली."