उकळलेलं प्रथिन

प्रयोगशाळेत तिला सगळे चिकटबाई म्हणत. तोंडावरच म्हणत. एखादी गोष्ट पटली नाही की ती तिचा पिच्छा सोडत नसे, आणि उंदरांच्या बी पेशी सोडून दुसऱ्या विषयाला तिने आयुष्यात हात लावला नव्हता.

याला कारण तिची धाकटी बहीण. बी पेशींनी जंतूंविरुद्ध अँटीबॉडी बनवायच्या असतात. बहिणीच्या पेशी तिच्याच शरीराविरुद्ध बनवत होत्या. सांधे इतके सुजत की सकाळी तिला कपसुद्धा धरवत नसे.

"अशा चुकार पेशी सगळ्यांच्याच अंगात असतात," चिकटबाई तिला सांगे. "एरवी त्या गप्प पडून असतात, नाहीतर मरतात. तुझ्या कोणी चेतवल्या, ते शोधायचंय मला."

"शोध गं ताई, पण माझे हातपाय चालताहेत तोवर!"

आणि एकदा उत्तर हाती आल्यासारखं झालं. शेजारच्या प्रयोगशाळेने शरीराचंच एक प्रथिन जंतूंमध्ये बनवून, गाळून दिलं होतं. ते उंदरांच्या अशा चुकार पेशींवर टाकलं की त्या फुगत, वाढत आणि भराभरा अँटीबॉडी सोडू लागत. दुसऱ्या कशाचीच मदत लागत नव्हती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हरखले. शोधनिबंध लिहूनही झाला.

फक्त तिच्या मनातली पाल चुकचुकत राहिली. बी पेशीवर प्रथिन ओळखणाऱ्या रिसेप्टरखेरीज, म्हणजे बाहेरची खूण टिपणाऱ्या ग्राहीखेरीज, आणखी एक रिसेप्टर असतो, जन्मजात. जंतूच्या कवचाचा कण चिकटला की तो पेशीला चेतवतो. प्रथिन तर जंतूंमध्येच बनलेलं! गाळताना कण मागे राहिले असतील तर?

तिने प्रथिन चक्क उकळलं. उकळल्यावर प्रथिन कामातून जातं, कवचाच्या कणांना मात्र काही होत नाही. काही दिवसांनी पाहिलं तर उकळलेलं प्रथिन दिलेल्या पेशीही तशाच जोरात अँटीबॉडी सोडत होत्या. म्हणजे प्रथिनाने काहीच केलं नव्हतं. तिचं डोकं भणभणलं. एवढी वर्षं मातीत!

"उकळायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" सर वैतागले. "तोंडाशी आलेला घास, बाई!"

"घास कसला सर, खडा आहे तो. आज आपण चावला तर उद्या दुसरं कोणी आपले पडलेले दात मोजेल."

निबंध मागे घेतला. शेजारच्यांनी बोलणं टाकलं. तिने स्वतः प्रथिन पुन्हा पुन्हा धुऊन स्वच्छ केलं. आता पेशी जाग्या होत, थोड्या वाढत आणि मरून जात. कवचाचे अगदी थोडे कण घातले की मात्र त्याच पेशी जगत आणि अँटीबॉडी बनवत. पेशीचं पुढे काय व्हायचं, ते तो जन्मजात रिसेप्टर ठरवत होता.

"मग सापडलं की!" बहीण म्हणाली.

"डोंबल सापडलं! हे जगाला केव्हाच माहीत आहे. मी स्वतः वर्गात शिकवते."

बहिणीचा बांध फुटला. "मग इतकी वर्षं मला कशाला आशेवर ठेवलंस? माझ्या अंगात कुठले जंतू आहेत?"

चप्पल घालून चिकटबाई तडक निघाली. पण रस्ताभर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. जंतू नसताना असे जन्मजात रिसेप्टर चेततात कशाने? मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे असतील का? तेही तशा काही रिसेप्टरना जागं करतात, असं लोकांनी दाखवलं होतं. पण तिच्या बहिणीसारख्यांत नेमके कुठले तुकडे, ते तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांकडे नवे उंदीर मागितले.

"पुढच्या वर्षी बघू," सर म्हणाले, वरसुद्धा न बघता.

"माझ्या बहिणीच्या सांध्यांना सांगा पुढच्या वर्षी सुजा म्हणून," ती म्हणाली, आणि दार जरा जोरातच लोटून आपल्या टेबलाकडे गेली. उरलेल्या पेशी अजून जिवंत होत्या; निदान डीएनएचे तुकडे त्यांच्यावर टाकून बघता येणार होते. तिने हातमोजे चढवले.