पाणी आलं की भिंतीवर तीन थापा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. मी बारामती एमआयडीसीत दूध तपासतो. माणसाच्या शब्दापेक्षा मशीनच्या रीडिंगवर माझा भरवसा जास्त.

आम्हाला परवडेल असं एकच घर सापडलं — जुन्या रो-हाउसच्या ओळीतलं शेवटून दुसरं. स्लॅब गळका, फरशी उखडलेली... पण आपलं! दारावर नावाची पाटी लावली तेव्हाच मी हरखलो होतो.

नळाला दिवसाआड पाणी, तेही कधी येईल नेम नाही. पहिल्याच रविवारी दुपारी शेवटच्या घराकडच्या सामाईक भिंतीवर तीन थापा पडल्या, आणि लगेच नळ फुसफुसला. पुढं दर खेपेला तसंच. म्हटलं, शेजार चांगला मिळाला!

महिन्याभरानं दुसऱ्या बाजूच्या तात्यांपाशी मी हे कौतुकानं बोललो. त्यांनी शेवटच्या घराकडं बोट केलं.

"तितं कोण हाय आता? तितल्या काकू वारून चार वर्सं झाली. पानी आलं की त्याच भित वाजवायच्या... घराला कुलूप हाय."

पाइपातली हवा असेल म्हणून प्लंबर आणला. तो म्हणाला, या भिंतीत पाइपच नाही.

बायकोला, वैशालीला, मी चकार शब्द सांगितला नाही. ती कन्हेरी गावची, देवभोळी. कळलं तर बॅग भरून माहेरी जाईल आणि हौसेनं घेतलेलं घर सुटेल, ही भीती. म्हणून ओल येते असं सांगून त्या भिंतीला आतून दुसरी भिंत चढवायला गवंडी बोलावला. त्यानं विटा उतरवल्या, तशी वैशाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हिला हात लावायचा न्हाय."

"अगं, ओल..."

"कसली ओल? घरभरणीच्या पोळ्या द्यायला गेलते, तर कुलूप गंजल्यालं. तात्यांच्या सुनंनं समदं सांगितलं. तुमी घर इकाल म्हनून बोलले न्हाय."

म्हणजे इतके दिवस दोघंही एकच गोष्ट लपवत होतो, कारणही एकच! मला हसूच फुटलं.

तेवढ्यात तीन थापा... गवंडी विटा टाकून पळाला. वैशालीनं शांतपणे हंडे भरले आणि ओल्या हातानं भिंतीवर दोनदा थापटलं. "भरलं, काकू."

स्लॅब अजून गळतो. थापा कोण देतं, मला आजही सांगता येत नाही. गेल्या रविवारी वैशाली माहेरी होती. थापा पडल्या, मी पाणी भरलं. कुणी बघत नाही ना, ते पाहिलं... आणि हळूच भिंतीवर दोनदा हात मारला.