साडभाऊंच्या घरचं पाणी

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सांडपाण्याच्या प्रेमात पडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला मी आपलं नशीब म्हणतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्याने आणि वयानेही मोठा. म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि त्यांचं सगळं ऐकून घेतो. पुसदच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात. हे रोज सकाळी न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून नाल्यावर जाऊ लागले. गावाबाहेर नाल्याकाठी पत्र्याच्या शेडमध्ये नाल्याचं पाणी पिण्याइतकं शुद्ध करून बघायचं यंत्र वर्षभराच्या चाचणीसाठी बसवलं होतं, आणि त्याच्या देखरेखीला साडभाऊंना नेमलं होतं.

आपण पितो ते पाणी आधी कुणीतरी प्यायलेलंच असतं, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. आणि तो कुठे मांडावा याचा पोच त्यांना कधीच नव्हता. एकदा महागावच्या बाजारात आम्ही चहाला टेकलो. शेजारी एक गृहस्थ कापूस विकून निवांत भजी खात बसले होते. साडभाऊंनी त्यांचा पेला उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हे पानी तुमच्या आंधी कोनाच्या तरी म्हशीच्या पोटातून जाऊन आलं असन. मंग माह्या नाल्यानं काय घोडं मारलं?" गृहस्थांनी भजी तशीच खाली ठेवली. हॉटेलवाल्याने हात जोडले. "सर, चहाचं राहू द्या, पन तुमी उठा जी."

यंत्राचं वर्णन सुरू झालं की घड्याळाकडे बघायची सोय नसे. आधी वाळू, मग कोळसा, मग इतकी बारीक चाळणी की जंतूने पोट आत घेतलं तरी पलीकडे जाता येऊ नये, आणि एवढं करूनही कुणी उरलाच तर त्याच्यासाठी शेवटी जंतुनाशक दिवा. एकदा भर मे महिन्यात मी उन्हातून त्यांच्याकडे पोचलो, फ्रीज उघडला आणि कोथिंबिरीच्या जुडीशेजारची गार बाटली तोंडाला लावणार, तोच साडभाऊ अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून ओरडत आले, "थांबा! तो पयल्या टाकीचा नमुना हाय!" नागपूरच्या प्रयोगशाळेत जायची बाटली होती ती. मी वाचलो यापेक्षा नमुना वाचला, याचाच आनंद त्यांच्या तोंडावर जास्त दिसला.

नियमाचे मात्र पक्के. सगळे अहवाल हातात येईपर्यंत शुद्ध केलेल्या पाण्याचा थेंबही कुणाला द्यायचा नाही, स्वतःही प्यायचा नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, गावात टँकरमागे बायका धावत असताना, साडभाऊ दिवसभर केलेलं नितळ पाणी संध्याकाळी परत नाल्यात सोडायचे. सोडताना तोंड फिरवून उभे राहायचे. तेवढ्यापुरती माझीही थट्टा बंद असे.

खरं तर पाण्याचं दुखणं त्यांच्या घरातच होतं, आणि ते जुनं होतं. साडभाऊ आणि त्यांच्या पत्नीला, आमच्या ताईंना, मूल झालं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या सासूबाईंकडची रीत. सासूबाईंचा लेकीवर जीव, जावयासमोर तर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. पण लग्नाला तीस वर्षं उलटली तरी त्या घरात त्यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. येताना भाकर आणि पाण्याची बाटली बांधून आणायच्या आणि ओसरीवर बसून खायच्या. माझ्या घरी पोरंबाळं होती, तिथे आल्या की मात्र भात मागून घ्यायच्या, आणि हे ताईंना माहीत होतं. याबद्दल कुणी बोलत नसे. एकदाच साडभाऊ मला म्हणाले, "साऱ्या गावाचं पानी मी तपासून राह्यलो, अन् माह्याच घरचं चालत नाई."

शेवटी सगळे अहवाल चांगले आले आणि चाचणीच्या शेवटच्या दिवशी पाणी चाखायचा छोटासा समारंभ ठरला. हार आले, माईक आला, स्टीलचे नवे पेले आले. पाण्याच्या महतीवर भाषणंही उत्तम झाली. पेले फिरले तेव्हा मात्र एकाची चतुर्थी निघाली आणि दुसऱ्याचा सोमवार निघाला. वार बुधवार होता. एकाने पेला ओठाशी धरून फोटो काढून घेतला आणि पाणी कुंडीत ओतलं. मी पडलो साडू, मला सुटका नव्हती. डोळे मिटून प्यायलो. साधं पाणी होतं, दुसरं काही नाही. साडभाऊंनी पेला संपवला आणि उरलेलं पाणी कळशीत भरून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी यंत्र ट्रकवर चढून गेलं. ते पाणी गावाच्या नळाला कधी येईल, कुणास ठाऊक.

समारंभाच्या दुपारी आम्ही कळशी घेऊन पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. डॉक्टरांकडे जायला म्हणून गावाहून आल्या होत्या. साडभाऊंनी कळशी टेकवली आणि भिंतीला पाठ लावून बसले. जावयाशी थेट बोलायचं नाही, म्हणून सासूबाईंनी आत ताईंना विचारलं, "काहून वं, तोंड काहून उतरलं त्याइचं?" समारंभात काय झालं ते मीच सांगितलं. ऐकून सासूबाईंनी कळशीकडे बघितलं. मग त्यांनी पदर सावरला आणि माझ्या माहितीत पहिल्यांदा सरळ थोरल्या जावयाशी बोलल्या.

"मले द्या जी जावाईबुवा ते पानी."

साडभाऊ गडबडले. "आई, ते नाल्याचं..." नाल्याचं नाव त्यांनी असं खाली मान घालून घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठचं का असंना. वर्षभर लेकरावानी जपलं तुमी, कोनाले हात लावू देल्ला नाई. या घरात जलमलं हाय ते. आता माह्या रीतीत बसते."

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश संपवला. ताई दारात उभ्या होत्या. केस पिकलेली ती बाई अगदी लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "माय, भात टाकू?"

"टाक," सासूबाई म्हणाल्या. "अन् वरन जरा पातळच कर."

साडभाऊ उठून मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ आत आले नाहीत. ताई सूप घेऊन बसल्या, पण त्यांना काही केल्या तांदूळ दिसेनात. मग ते मी निवडले.