फुकटच्या टाळ्या

वसमतकडच्या आमच्या शाळेतले एक गुरुजी दर आठवड्याला नवं ॲप आणतात. "फुकट हाय ना मॅडम, मग काहून सोडायचं?" एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. खडूनं म्हणे हात खराब होतात.

परवा त्यांच्या मोबाइलनं तिसरीच्या वर्गाला विचारलं, हळद झाडाच्या कोणत्या भागापासून मिळते? पर्याय होते पान, फूल आणि फळ. घरची हळद काढून बोटं पिवळी झालेली एक पोरगी उठली.

"गुरुजी, हळद तर जमिनीत ऱ्हाती. यात उत्तरच न्हाई."

"ॲपपेक्षा शाणी झालीस व्हय? बस खाली," म्हणत गुरुजींनी 'फळ' दाबलं. मोबाइलनं टाळ्या वाजवल्या. मग वर्गानंही वाजवल्या, त्या पोरीसकट.

गुरुजींची स्वतःची तीन एकर हळद आहे.