पाण्याला पाय

जत तालुक्यात आमच्या वस्तीवर टँकर आला की आई चुलीवरची भाकरी तशीच सोडून घागर घेऊन पळायची. आधी माणसांना पाणी, उरलं तर मेंढरांना. त्या पाण्याला चुकून पाय लागला तरी पाठीत धपाटा बसायचा. अशा घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

एम.ए.ला मी सागरी पुरातत्त्व घेतलं. घरी सांगितलं, "समुद्राच्या तळाला जुनी जहाजं सापडत्यात, नांगर सापडत्यात. त्येंचा अभ्यास हाय."

आप्पा हसायलाच लागले. "आगं, समुद्रात कोण नांगरतंय? आपला मोडका पडलाय की गोठ्यामागं. त्येचा कर अभ्यास!"

जहाज जागेवर धरून ठेवतो त्यालाही नांगरच म्हणतात, हे त्यांना काही पटलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. पाण्याखालच्या कामाला जायचं तर आधी पोहण्याची परीक्षा. नापास झालं की जागा दुसऱ्याला. आणि मला तर साधं तरंगताही येत नव्हतं.

सांगलीजवळ कृष्णाकाठाला मामाचा मळा आहे. मामा फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. मामी वरून ओरडली, "आवं, लग्नाची पोरगी हाय ती, जरा दमानं!"

"समुद्र काय दमानं घेतोय व्हय?"

डब्यानं मला बुडू दिलं नाही, पण मी दोन्ही पाय पोटाशी घेऊन भोवऱ्यासारखी फिरत राहिले.

"आगं, पाय मार की!"

"मामा, पाण्याला पाय लागतोय!"

मामा पायरीवर बसून पोट धरून हसला. "पोरी, ही हिर हाय, घागर न्हवं. मार लाथा!"

मारल्या. नाकातोंडात पाणी गेलं, मामीनं मामाला शिव्या घातल्या, तरी मारत राहिले. उन्हाळा सरेपर्यंत डबा सुटला. मग मामानं मला कृष्णेत उतरवलं.

परीक्षेला शहरातली, लहानपणापासून तलावात पोहणारी मुलं होती. माझं पोहणं बघून त्यातला एक म्हणाला, "पाण्याशी भांडतेस का गं?" भांडतच होते. पण न थांबता पलीकडे पोचले.

पास झाले. पुढं डायव्हिंग शिकून समुद्राच्या तळाशी उतरले. वाळूत रुतलेल्या जहाजाच्या फळ्यांची मापं घेतली, पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर नकाशा काढला. त्याच कामावर प्रबंध लिहिला.

एम.ए. झाले. पहिल्या वर्गात.