खंडेनवमीला झोपलेला लॅपटॉप

यंदा खंडेनवमीला आमच्याकडे भारी गंमत झाली. म्हणजे आता गंमत वाटतेय, तेव्हा घाम फुटला होता...

आमची ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधली छोटीशी कंपनी इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत विलीन होतेय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडचे साहेब येणार होते. आमची टीम ग्वाल्हेरलाच ठेवा, हे त्यांना मी पटवायचं होतं. नाहीतर घरदार सोडून चला इंदूरला!

सकाळी मुद्दे टाइप करत होते, अगदी धडाधड सुचत होतं... आणि गॅसवर दूध! लॅपटॉपचं झाकण मिटलं नि धावले. सेव्ह? अहो, कुठलं सेव्ह!

ओटा पुसून आले तर टेबल रिकामं. लॅपटॉप देवघरात, हळद-कुंकू लावून, वर झेंडूचं फूल! शेजारी विळी, पाना आणि सासरची जुनी तलवार. सासरचे मूळचे फौजेतले, त्यामुळे शस्त्रपूजा दणक्यात. आणि पूजेतली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही म्हणजे नाही.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. वापरणारे आत्ताच हसले असतील... झाकण मिटलं की झोपतो छान, उठेलच याची गॅरंटी नाही. त्यात बॅटरी म्हातारी. ती संपत आली की उघडी कामं डिस्कवर उतरवून मगच बंद व्हावं, असं हायबरनेटचं सेटिंग मी केलं होतं खरं, पण ट्रायलला नुसती काळी स्क्रीन. मग सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि पुन्हा ट्रायल राहूनच गेली.

मी सासूबाईंवर चिडलेच. "आई, माझाच का? यांचा ठेवायचा न!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तलवार तर कधीची नुसती पडून आहे. सध्या या घरातून लढाईवर कोण चाललंय? तूच न? मग तुझंच शस्त्र मधे ठेवणार."

डोळे भरून आले. मीही अक्षता वाहिल्या.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्या झाल्या चार्जर लावला, बटण दाबलं... काळी स्क्रीन. आई शेजारी हात जोडून उभ्या. आणि हळूच सगळं उजळलं! सगळ्या विंडो जशाच्या तशा, कर्सर त्याच अर्धवट वाक्यावर. मी आधी सेव्ह केलं, मग आईंना मिठी मारली. त्या म्हणे, "उठणार नाही तो क्या करेगा? पूजेत होता."

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलंच, लॅपटॉपवर हे लाल काय? म्हटलं, सासूबाईंनी लढाईवर पाठवलंय.

काल मेल आला. टीम इथेच राहतेय. कुंकू मी अजून पुसलेलं नाही... आणि पुसणारही नाही. थँक्यू, आई.